‘गाळून घे’ नावाची दोन फंक्शनं

आसावरीनं तिसऱ्यांदा बिल्डचं बटण दाबलं आणि कोडचे तुकडे एकत्र जोडणाऱ्या लिंकरनं तिसऱ्यांदा नकार दिला. ‘गाळून_घे’ नावाची दोन फंक्शनं सापडली आहेत, त्यातलं घेऊ कोणतं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

एक तिचं होतं, रस्ट या नव्या भाषेत लिहिलेलं. रस्ट आपल्या फंक्शनांच्या नावांना स्वतःहून लांबलचक शेपूट लावते, त्यामुळे ती कुणाच्या नावावर आदळत नाहीत. पण सी भाषेतल्या जुन्या कोडला या फंक्शनला हाक मारायची होती, म्हणून तिनं शेपूट काढून टाकलं होतं. नाव उघडं पडलं तरी तिला चिंता नव्हती. कन्नड मुलखात, महादेवपुऱ्यातल्या या ऑफिसात मराठी नाव आणखी कोण देणार?

दुसरं ‘गाळून_घे’ सीच्या एका जुन्यापुराण्या लायब्ररीत निघालं. फाइलच्या माथ्यावर लेखकाचं नाव होतं, नरसिंहराव.

म्हणजे शेजारच्या टेबलावरचे राव सर. इंग्रजी आणि कन्नडशिवाय शब्द न काढणारे. आसावरीला नोकरीत कायम करायचं की नाही, हे आज त्यांनीच ठरवायचं होतं. आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून ती रोज दुपारी पुण्याला आईशी फोनवर बोलायची. इथे कुणाला कळतंय, या भरवशावर राव सरांचा पार उद्धार करायची.

ती उठून त्यांच्या टेबलाशी गेली.

“सर, तुम्ही मराठी आहात?”

“घरात तेच बोलतो, पिढ्यान्‌पिढ्या. कन्नड स्वल्प मिसळलेलं असतं, इतकंच.” राव सरांनी चष्मा पुसला. “आईंच्या गुडघ्याला आराम पडला का?”

गुडघ्याचा विषय कालच्या फोनच्या अगदी शेवटी निघाला होता. त्याआधी सगळे राव सरच होते.

आपल्या फंक्शनचं नाव आत्ताच बदलते, असं ती कसंबसं म्हणाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सीमध्ये आडनावं नसतात, एकट्यानं बदलून भागायचं नाही, उद्या तिसरा कुणी तेच नाव घेऊन येईल. तेव्हा दोघांनीही आपापल्या नावाच्या आधी काहीतरी जोडावं.

“तुम्ही तुमचं लावा, मी माझं लावतो. सरी? चालेल ना?”

आपल्या त्या जुन्या फाइलीतला स्वल्पविरामही ते कुणाला हलवू देत नसत. आईला सांगितलेल्या निम्म्या तक्रारी त्याच्याच होत्या. आसावरीनं निमूटपणे ‘आसावरी_गाळून_घे’ केलं. थोड्या वेळानं त्यांचाही बदल आला. या खेपेला लिंकरनं हूं की चूं केलं नाही. मग राव सरांनी काय जोडलंय, ते तिनं वाचलं.

‘खडूस_गाळून_घे’.

हा शब्द आपण फोनवर किती वेळा वापरला, ते तिला आठवेना. मान वर करायचीही तिला लाज वाटत होती.

“नाव तुम्हीच सुचवलंत,” राव सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. “तुम्हाला कायम केल्याचं सकाळीच कळवलंय. आईंना फोन करा. इथूनच.”