गाडीभर हत्ती

ताडपत्री निघाली आणि अख्खी गल्ली टेंपोभोवती गोळा झाली. टेंपोत हत्ती उभा होता. बांबूचा, कागदाचा, पांढराशुभ्र, सोंड वर केलेला.

"हे काय आणलंत?" पद्मानं विचारलं.

"हत्ती," मिरजेचा प्रेमानंद म्हणाला. देखावे करणारा माणूस तो, आणि हात चांगला होता, त्यात वाद नाही. "तुम्हीच फोनवर सांगितलंत ना ताई, गाडीभर पांढरा हत्ती पाहिजे म्हणून? मला वाटलं, बौद्धांची वस्ती आहे, तर बुद्धांच्या आईच्या, महामायेच्या स्वप्नातला हत्ती असणार."

पद्मानं कपाळाला हात लावला. आता ह्याला काय सांगायचं? तिचा सगळा जन्म हुबळीत गेला. घरात बोलणं मराठी, पण कामाचे शब्द सगळे कानडी, आणि कानडीत हत्ती म्हणजे कापूस. ह्या गल्लीतल्या बायका सरकी काढायच्या गिरणीत राबलेल्या. त्यांच्या तोंडी कापसाला दुसरं नावच नाही. आणि खरा हत्ती? तो दारात येतोय कुठं, त्याचं नाव घ्यायला. मिरजेच्या माणसाशी बोलताना जीभ जरा वळवावी, एवढंसुद्धा बाईला सुचलं नव्हतं.

दुपारी मिरवणूक निघायची होती, शहर ज्या पिकांवर जगतं त्या पिकांची. मिरची, शेंगा, जोंधळा, कापूस. नियम एकच, ज्यानं त्यानं आपापला माल गाडीवर घालायचा. समितीचे अध्यक्ष दत्तात्रेय वकील. माणूस वाईट नाही, पण तोंडाला धरबंध नाही. बैठकीत पद्मानं कापसाची गाडी मागितली तेव्हा ते हसून म्हणाले होते, "अहो, तुमच्या गल्लीत शेत आहे कुणाकडं? कापूस कुणाचा म्हणून सांगायचं?"

पद्मा भांडली. सरकी काढल्याशिवाय तुमचा कापूस जातो कुठं, आणि ती काढली कुणी, म्हणून कडाकडा भांडली आणि गाडी पदरात पाडून घेतली. पण शेजारी बसलेली तिची सासू दुर्गव्वा तोवर उठून गेली होती. जन्मभर कापूस निवडून जिच्या छातीत खोकला बसला, तिला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नव्हतं. त्या दिवसापासून तिचं एकच चाललेलं, मी गाडीवर बसणार नाही. आणि पद्माचंही एकच, गाडी निघेल ती आत्तीला, म्हणजे सासूला घेऊनच.

आणि गाडीवर आता हा हत्ती.

"पांढरा हत्ती पोसलीस की गं," शेजारची कौसल्या म्हणाली. बायका खो खो हसल्या.

पद्माला रडू येत होतं, पण रडत बसायला सवड कुणाला होती? "हसून झालं असेल तर घरात जावा आणि उशा घेऊन या," ती म्हणाली. "ह्या हत्तीलाच हत्ती लावायचा. सोंडेपासून शेपटीपर्यंत."

प्रेमानंदाला ते वाक्य काही कळलं नाही, पण बिचारा मुकाट्यानं खळ शिजवायला बसला. उशा फाटल्या, कापूस चिकटायला लागला, आणि एक अख्खी बाजू बाकी असताना संपला. तेवढ्यात दुर्गव्वा आपली गादी ओढत दारात आली. गिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या शेवटच्या कापसानं भरलेली गादी ती.

"आत्ती, ती नको. तुम्हाला खाली झोपवत नाही."

"झोपायचं झोपताना बघू," दुर्गव्वा म्हणाली, नाकाला पदर बांधला आणि शिवण उसवायला बसली.

वकील गाड्या बघत बघत आले. "पद्माबाई, कापूस ठरला होता. हत्ती कसला आणलाय?"

"हत्तीच ठरला होता, साहेब. हात लावून बघा की."

वकिलांनी हात लावला. क्षणभर त्यांना उमजेना, मग पोट धरून हसले. "दोन्ही भाषेत खरं बोललात. लागा रांगेत."

दुर्गव्वा गाडीवर चढली ती मिरवण्यासाठी नव्हे. हत्तीचा एक कान सुटत होता, तो धरायला कुणीतरी हवं होतं. पद्मानं ते बघितलं आणि लगेच गाडी काढायची खूण केली.

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर गर्दीतून एक म्हातारा शेतकरी गाडीजवळ आला. हत्तीच्या पायाचा कापूस चिमटीत धरून त्यानं हलकेच ओढला, बाजारात माल पारखतात तसा. चांगला होता. त्यानं मान वर करून कानडीत विचारलं, "हत्ती यार्दु?" कापूस कुणाचा?

पद्मा तोंड उघडणार तोच कान धरून बसलेली दुर्गव्वा बोलली. खोकली नाही, अडखळली नाही.

"नम्दु," ती म्हणाली.

आणि पुढं चाललेल्या वकिलांना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं मराठीतही म्हणाली, "आमचा."