तीनदा कडी

दार उघडत नसेल तर आधी किल्ली शोधा.

किल्ली आत आहे, स्टिअरिंगखाली लटकलेली. आईला गार हवा लागावी म्हणून चंद्रशेखर गाडी चालूच ठेवून दोन मिनिटांसाठी रसवंतीवर उतरला होता. मेहकरच्या डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, "हृदय कमजोर आहे. घाबरवू नका त्यांना." रसाचे दोन गिलास घेऊन तो वळला, तोवर सत्यभामाबाईंनी मागच्या सीटवरून वाकून चारही दारांचे खटके दाबले होते. मग उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद पडलं आणि गार हवाही. मे महिना, दुपारचा एक, लोणारचा रस्ता. सावली नाही.

आतल्या माणसाला सांगा.

"माय, खटका वर कर!"

"कोण बे तू?" काचेतून आवाज बारीक आला.

"चंदू! तुहा चंदू!"

"चंदू येऊन राह्यला माहा. तू जाय."

आतल्या माणसाला पुन्हा सांगा. पुन्हा.

"काच फोडा ना भाऊ," रसवंतीवाली धम्मशीला म्हणाली. "काय पाहून राह्यले?"

"घाबरून जाईन माय. डॉक्टर म्हणे..."

"डॉक्टर एसीत बसला अशीन. तुमी तिचं तोंड पाहा."

तोंड लालबुंद होतं. केस कपाळाला चिकटलेले.

(हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: दिवाळीत एक माणूस गॅसवाला म्हणून घरात शिरला आणि तिच्या कानातल्या बाळ्या उतरवून घेऊन गेला. तेव्हापासून कामावर जाताना चंद्रशेखर रोज तिच्याकडून पाठ करून घेई.

"मी आलो की काय करीन?"

"कडी वाजवशीन."

"किती डाव?"

"तीन डाव."

"अन् दुसरं कोणी आलं तं?"

"मेली तरी नाही उघडत."

दोघंही हसायचे.)

कडी वाजवा.

गाडीला कडी नसते. धम्मशीलाने टपरीची साखळी काढून दिली. चंद्रशेखरने ती दाराच्या पत्र्यावर आपटली. एक. दोन. तीन.

आईचा चेहरा उजळला. हात खटक्याकडे गेला. खटका अर्धा वर आला.

मग तिने काचेबाहेर पाहिलं.

कडी पोराची होती. तोंड परक्याचं होतं.

तिने खटका खाली दाबला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

काच फोडा. आतलं माणूस बसलं आहे त्याच्या पलीकडची.

तिसऱ्या दगडाला काच गेली. तो आत शिरला तेव्हा आई दारावर कलंडली होती, बोटं अजून खटक्यावर. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. तिने डोळे किलकिले करून त्याच्याकडे पाहिलं.

"माह्या पोराले सांगजो," ती म्हणाली. "म्या दार नाही उघडलं."

"सांगतो."

"त्याले वाटन, उघडलं म्हणून."

"नाही वाटत, माय. सांगतो मी."

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. धम्मशीला आईचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली, बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर शिंपडत. फुटक्या काचेतून झळा आत येत होत्या. चंद्रशेखरने मेहकरच्या दिशेने गाडी अशी पळवली की समोरची एसटी रस्त्याखाली उतरली.

मागे पाणी शिंपडल्याचा आवाज थांबला.

"भाऊ," धम्मशीला म्हणाली, "आता हळू चालवली तरी चालन."