सिस्टरच्या हातचं पाणी

माझ्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं ते पाळकांनी नव्हे, प्रसूतिगृहातल्या सिस्टरनी. आता मी स्वतः पाळक आहे, कितीतरी बाळांना बाप्तिस्मा देते. पण बाळ हातात आलं की अजूनही मला त्यांचीच आठवण येते आणि जीव हळवा होतो.

सिस्टर म्हणजे महाफटकळ. बुधवारी बायकांची प्रार्थनासभा त्याच चालवायच्या, वॉर्डात फेरी मारावी तशा. कुणाची प्रार्थना लांबली की म्हणायच्या, "आटपा बाई, देवाला बाकीचेही पेशंट आहेत." गाण्याचा तर आनंदीआनंदच होता, पेटीला मागे टाकून खुशाल पुढे निघून जायच्या. मात्र कुणाच्या घरी आजारपण आलं की पाळकांच्या आधी त्या दारात हजर असायच्या.

मी सातव्या महिन्यातच जन्मले, तीही निळीजांभळी. पाळक परगावी होते. मूल जगायची आशा नसली तर जवळ असेल त्यानं बाप्तिस्मा द्यावा, अशी आमच्या चर्चच्या मंडळीची जुनी रीत. सिस्टरनी औषधाच्या मापात पाणी घेतलं, देवाचं नाव घेऊन माझ्या कपाळावर घातलं आणि पुन्हा माझी पाठ चोळायला लागल्या. मी जगले. घाईघाईनं आले म्हणून सगळे मला 'घाई'च म्हणायचे.

पंधराव्या वर्षी माझं दृढीकरण ठरलं. रविवारी सगळ्यांपुढे विश्वास कबूल करायचा आणि पहिल्यांदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. पांढरा झगा शिवून तयार होता. तेवढ्यात मंडळीच्या थोरल्या पंचांनी पाचर मारली. "बाईच्या हातचा बाप्तिस्मा आम्ही धरणार नाही. आधी तो नीट होऊ दे, मग पुढचं." तेव्हाचे पाळक तरुण होते, भले होते, आणि भांडणाला जाम घाबरायचे. त्यांनी तोड काढली: शनिवारी दुपारी चर्चचं दार लोटून गुपचूप उरकून टाकू.

बाबा म्हणाले, "चार थेंब पाणी! तुझं काय जातंय?"

माझं डोकंच फिरलं. तडक सिस्टरकडे गेले. त्या गॉजच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"घे करून," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी अडून बसू नकोस."

"म्हणजे तुम्ही दिलेला खोटा होता?"

त्यांचे हात थांबले. "घाई, तू वाचलीस म्हणून तुझ्यावरून वाद तरी होतोय. असंच पाणी घातलेली बाकीची लेकरं राहिली नाहीत गं. त्यांच्या आयांना मी सांगितलंय, बाळ देवाच्या कुशीत गेलं. आता त्यांना काय सांगू?"

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मलाही रडू फुटलं, पण ते रागाचं होतं.

शनिवारी मी गेले ती नाही म्हणायलाच. पाळक पाणी भरून तयार, शेजारी बाबा आणि थोरले पंच. पंचांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या रविवारच्या तयारीसाठी प्रभुभोजनाच्या टेबलावर इस्त्री केलेलं कापड अंथरत होत्या.

"मी घेणार नाही," मी म्हटलं. "माझा झालाय."

"हट्ट करू नकोस पोरी," पंच म्हणाले. "तो धरता येत नाही."

काकूंनी हातातलं कापड खाली ठेवलं. "अहो, मग आपल्या पहिलीचं काय?"

काकूंची पहिली लेक जन्मली त्याच दिवशी गेली होती. पंच तेव्हा कामासाठी दूर होते, पोचेपर्यंत माती झाली होती.

"तिलाही सिस्टरनीच पाणी घातलं होतं," काकू म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "लेक देवाघरी सुखात आहे म्हणून माझी समजूत तुम्हीच घालत होतात ना?"

पंच बाकावर बसले. पाळकांना म्हणाले, "ते पाणी बाहेर झाडाला घाला."

रविवारी माझं दृढीकरण झालं. उपासना सुटल्यावर पंच सिस्टरपाशी आले. मला वाटलं, माफी मागतील. ते हात चोळत हळूच म्हणाले, "सिस्टर, तिनं डोळे उघडले होते का हो?"

सिस्टरनी, जन्मात पहिल्यांदाच असेल, आवाज खाली आणला. "उघडले होते. कपाळावर पाणी पडलं तेव्हा. अगदी तुमचेच डोळे."