साठ खणांचे कपाट आणि पदवीबाई

मी एक जुने पोलादी कपाट आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. छत्री बोलते, शाळेतला बाक बोलतो, आणि त्यांच्या मनात सगळ्यांविषयी माया असते. माझे तसे नाही. माझे एका बाईशी तीन वर्षे वैर होते आणि त्या वैराचीच गोष्ट मी सांगणार आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला साठ खण होते आणि प्रत्येक खणाला पितळी मूठ. ज्या कारागिराने खण बसवले, त्याने सरकपट्ट्यांना मेण चोळले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा, आता कोणाचं ऐकून घेऊ नकोस." ते मी फार मनावर घेतले.

मला बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आणले आणि स्टोअरमध्ये उभे केले. गाडीच्या प्रत्येक सुट्या भागाचे एक कार्ड माझ्या पोटात असे. भागाचे नाव, कोणत्या फळीवर आहे, किती आले, किती गेले. अशी चार हजार कार्डे! मोठे साहेब पाहणीला आले की म्हणत, "इथे चहा निवायच्या आत वस्तू हातात पडते." ऐकून माझ्या पत्र्याला ऊब यायची.

माझे राखणदार होते कुलूपकाका. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यालाही कुलूप. त्यांची एक पद्धत होती. एखादा माल फळीवर असला, पण सदोष निघाल्यामुळे कोणाला द्यायचा नसला, तर ते त्याचे कार्ड खणात उलटे ठेवत, डोके खाली, पाय वर. ही पद्धत कुठेही लिहिलेली नव्हती. नवा माणूस दोन वेळा ओरडा खायचा आणि शिकायचा.

माझी वैरीण, ती बाई, आमच्या खिडकीवर माल देण्याचे काम करायची. तिलाही हे सगळे पाठ होते. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने एक जाडजूड पुस्तक माझ्या डोक्यावर उघडून ठेवले.

"हे काय नवीन खूळ?" कुलूपकाकांनी विचारले.

"माहिती प्रणाली, काका. पदव्युत्तर पदवीला नाव घातलंय. संध्याकाळचं कॉलेज आहे."

"म्हणजे दिवसा इथे झोपा काढणार!"

"काढल्याच तर कपाटाला टेकून काढीन. तुमच्या खुर्चीला हात लावणार नाही."

त्या दिवसापासून काका तिला पदवीबाई म्हणू लागले.

मित्रांनो, माहिती प्रणाली म्हणजे काय? कोणती माहिती कुठे तयार होते, कोण लिहिते, कोणाला लागते आणि ती वेळेवर त्याच्या हाती कशी पडते, याची नीट बसवलेली व्यवस्था. हे ऐकून मी भडकलोच. अरे, मग मी कोण? इतकी वर्षे हेच तर करत आलो! मला दिली का कोणी पदवी?

तेव्हापासून मी तिला छळू लागलो. तिने खण ओढला की मी अडकायचो. एकदा तिचे नख धरले, ते काळे पडले. काका तर माझ्या वरताण. पाच वाजता तिची सुटी, सहाला शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचा वर्ग. बरोबर पाच वाजायला पाच मिनिटे असताना ते खोके समोर आपटत. "हे मोजून जा, पदवीबाई." बोल्ट, नट, वॉशर. ती मुकाट्याने मोजायची आणि मग रस्त्याने अक्षरशः पळत सुटायची. रविवारी कॉलेजची प्रयोगशाळा. म्हणजे सुटीचा दिवसही गेला.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या मुलीचा फोन यायचा. पोरगी दहा वर्षांची, जिभेला धार.

"आई, तुझी परीक्षा कधी संपणार?"

"झालंच गं, एवढं शेवटचं वर्ष."

"मागच्या वर्षीपण हेच म्हणालीस. नापास झालीस ना, तर मी तुझ्या प्रगतिपुस्तकावर सही करणार नाही. आजीला बोलावून घ्यायला सांगीन तुझ्या कॉलेजात."

बाई हसायची, पण हसू लगेच मावळायचे. कारण मध्ये वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिचे एक वर्ष बुडाले होते. विद्यापीठाने मुदत एकदा वाढवून दिली होती, ती पुन्हा वाढणार नव्हती. यंदा पदवी मिळाली नाही, तर सगळी धावपळ फुकट.

शेवटच्या वर्षी तिला एक प्रकल्प करायचा होता. तिने कोणता निवडला असेल? माझाच काटा काढायचा! माझी चार हजार कार्डे संगणकात भरायची आणि एक दिवस माझ्याशिवाय स्टोअर चालवून दाखवायचे. त्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार, आणि त्यांच्या शेऱ्यावर पदवी.

चार महिने ती रोज डबा अर्धा टाकून कार्डे उतरवून घेत होती. आणि इथेच तिची चूक झाली. उलटे कार्ड आले की वाचण्यासाठी ती सुलटे करायची, त्यावरचे सगळे संगणकात लिहायची, आणि पुन्हा उलटे करून जागच्या जागी ठेवायची. तिच्या हाताला ही सवय इतकी जडली होती, की डोक्याला कळलेच नाही. संगणकात उलट्या कार्डाला जागाच नव्हती. कार्डावर जे लिहिलेले होते ते सगळे तिने घेतले. कार्ड कसे ठेवले आहे, तेवढे राहिले.

मी हे पाहत होतो. मला गुदगुल्या होत होत्या. काकाही चष्म्यावरून पाहत होते. एकदा त्यांनी तोंड उघडले, पुन्हा मिटले आणि किल्ल्या मोजत बसले.

तो दिवस उजाडला. मला कुलपे लागली, वर चादर टाकली. परीक्षक वहीवर पेन टेकवून बसले. वर्कशॉपचा फोरमन खिडकीशी आला. "ब्रेकचा सिलिंडर हवाय. गाडी वर चढवून ठेवलीय, दुपारच्या फेरीला सोडायचीय."

बाईने बटणे दाबली. पडद्यावर लगेच आले, तीन नग, सातवी फळी. तिने सिलिंडर आणून दिला. परीक्षकांनी घड्याळ पाहिले आणि मान डोलावली. फोरमन म्हणाला, "वा, पदवीबाई! आता काकांना पेन्शनीत काढा."

मी चादरीखाली आनंदाने थरथरत होतो. मित्रांनो, त्या सिलिंडरचे कार्ड माझ्या बाविसाव्या खणात उलटे उभे होते. तिन्ही नग गळके होते, परत पाठवायचे होते. गळक्या सिलिंडरची गाडी म्हणजे उतारावर न थांबणारी गाडी. हे मला ठाऊक होते आणि तरी मी खूश होतो.

माल दिला की कार्डावर सही करायची, ही तिची जुनी सवय. तिचा हात चादरीकडे वळला, बाविसाव्या खणाच्या मुठीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"काका, बावीसची किल्ली द्या."

"कशाला? तुमचं यंत्र सांगतंय की सगळं."

"काका, ते कार्ड उलटं होतं. होतं ना?"

काकांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला.

ती किल्लीसाठी थांबली नाही. परीक्षकांना तसेच बसवून ती अंगणात धावली. फोरमन गाडीखाली आडवा झाला होता. तिने त्याचे दोन्ही पाय धरून त्याला बाहेर ओढले! त्याच्या शिव्या स्टोअरपर्यंत ऐकू आल्या. ती परत आली तेव्हा हात काळे झाले होते आणि त्या हातात सिलिंडर होता. तो परीक्षकांच्या वहीशेजारी ठेवून ती म्हणाली, "माझी प्रणाली चुकली, सर. हा माल द्यायचा नव्हता."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

परीक्षकांनी काकांकडे पाहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला कोणी विचारलं नाही."

"बाई, मी तुम्हाला आज उत्तीर्ण करू शकत नाही," परीक्षक कोरडेपणाने म्हणाले. "मुदत संपायला पंधरा दिवस आहेत. चौदाव्या दिवशी येतो. न लिहिलेलं सगळं त्यात असलं पाहिजे."

त्या संध्याकाळी तिने काकांना विचारले, "आणखी काय काय आहे, काका?" ते म्हणाले, "शोधा की. शिकलेल्या आहात." मग तिने विचारणे सोडले आणि माझ्यासमोर बसली. साठच्या साठ खण. मी अडकलो, तरी तिने ओढले. दुमडलेला कोपरा म्हणजे माल फळीच्या मागच्या बाजूला. लाल ठिपका म्हणजे जुन्या गाड्यांनाच बसणारा. दोऱ्याने बांधलेली दोन कार्डे म्हणजे एक दिले तर दुसरेही द्यायचे. एकेक खूण ती मेकॅनिकांना जाऊन विचारायची आणि लिहून घ्यायची. तेराव्या दिवशी माझ्याकडे लपवायला काही उरले नाही.

चौदाव्या दिवशी परीक्षकांनी दिवसभर उलटसुलट मागण्या केल्या. एकही चुकली नाही. तिला पदवी मिळाली. काका म्हणाले, "आता मॅडम म्हणायचं वाटतं!" ती म्हणाली, "पदवीबाईच म्हणा. आता ते खरं आहे."

पुढे भंगारात काढायच्या सामानाची यादी करण्याचे काम तिच्याकडे आले. मला वाटले, इतक्या वर्षांच्या सोबतीला जागून मला वगळेल. तिने माझे नाव पहिले लिहिले. आता मी अंगणात पडलो आहे, मुठी गेल्या आहेत, उद्या गाडी येणार आहे. राग येतो, पण तक्रार करता येत नाही. मला तेल घालणारे पुष्कळ भेटले. मला शेवटच्या कार्डापर्यंत वाचणारी ती एकटीच.

तेव्हा मित्रांनो, वैऱ्याचे दोन शब्द ऐका. जुनी वस्तू टाकायची तर टाका, पण आधी तिच्या पोटातले सगळे वाचून घ्या. दिवसभर राबून कोणी शिकत असेल, तर त्याच्या वाटेत खोकी आपटू नका. आणि समोरचा चुकतो आहे हे तुम्हाला दिसत असेल, तर तो तुम्हाला आवडत नसला तरी त्याला सांगा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.