देओलिंदाच्या दुकानावरची खिडकी

दर शनिवारी सकाळी तो पिवळी छत्री घेऊन यायचा. ऊन असो, बर्फ असो, छत्री उघडीच. मागे पंधरा-वीस पाहुणे. केन्सिंग्टन मार्केटात असे वाटाडे पुष्कळ येतात. पाहुणे चीजच्या दुकानात चव घेतात, जमैकन पॅटी खातात, माझ्या जुन्या कपड्यांच्या दुकानाच्या पोर्चवर टांगलेले कोट अंगाला लावून फोटो काढतात आणि काही न घेता पुढे जातात. त्याची आम्हाला सवय आहे. पण हा टोबायस नावाचा वाटाड्या शेजारच्या देओलिंदाच्या मासळीच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे थांबायचा, आवाज खाली आणायचा आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे बोट करायचा. सगळ्या माना वर. कुणी हसायचं, कुणी उसासा टाकायचं, आणि मग सगळे मिळून दुकानाच्या आत बघायचे. थेट ऑरेलियोकडे, म्हणजे देओलिंदाच्या नवऱ्याकडे.

देओलिंदाला इंग्रजी येतं ते मासळी विकण्यापुरतं. आम्ही असोरेस बेटांवरची, पोर्तुगीज बोलणारी माणसं. एके काळी अर्धा रस्ता आमचा होता, त्यामुळे तिचं कधी अडलं नाही. आता अडलं.

"इल्दा, काय सांगतो गं तो त्यांना?" तिने मला विचारलं.

"मला अलीकडून कसं ऐकू येणार, दोना?" मी म्हटलं. वयाने मोठ्या बाईला आम्ही 'दोना' म्हणतो.

"माझ्याकडे उंदीर आहेत म्हणत असेल."

"उंदीर खिडकीत कशाला दाखवेल?"

"मग घर दाखवतोय. घराला गिऱ्हाईक आणतोय." तिने कॉड माशाच्या पोटात सुरी घातली. "ऑरेलियोचे गुडघे गेलेत. विकायचं मनात आलं असेल त्याच्या. मला कोण विचारतं?"

मी हसले, पण ती हसली नाही. तिने पाहिलं होतं म्हणे, ऑरेलियोने त्या पोराला मागच्या दाराने आत घेऊन सार्डिन भाजून घातले. "माझा नवरा सख्ख्या भावाला फुकट माशाचं शेपूट देत नाही. याला सार्डिन?"

त्यानंतर ती नवऱ्यावर पाळत ठेवायला लागली. त्याला फोन आला की बर्फाचं फावडं थांबवायची. तो केस कापून आला तरी, कुणासाठी, असं विचारायची. शेवटी एका शनिवारी तिने मला माझ्याच दुकानातला एक लांब कोट चढवला, टोपी कानांवर ओढली आणि टोबायसच्या घोळक्यात पाठवलं.

"एक शब्द गाळायचा नाही," ती म्हणाली. "माझ्यावर दया करून तर मुळीच नाही."

स्पदायना रस्त्यापासून आम्ही निघालो. आपल्याच रस्त्यावरून परक्यासारखं चालायचं म्हणजे विचित्र वाटतं. माझ्या दुकानाला तो 'मार्केटचं कपाट' म्हणाला, ते मला आवडलं. मग मासळीचं दुकान आलं. छत्री थांबली.

त्याने सांगितलं ते असं. चाळीस वर्षांपूर्वी त्या खिडकीत हंगेरीहून आलेली एक सुंदर तरुणी राहायची. खाली मासळी साफ करणारा मुलगा संध्याकाळी दोरीला टोपली बांधून तिला मासा पाठवायचा. टोपली खाली यायची तेव्हा तिच्यात गरम सूप असायचं, आणि सुपाशेजारी एक फूल. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. "आणि तो मुलगा," टोबायस हळूच म्हणाला, "अजून तिथेच उभा आहे."

सगळ्यांनी ऑरेलियोकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. तो खवले काढत होता, आणि त्याने चक्क हात हलवला.

मी मुद्दाम लांबून फिरून परत आले. उंदीर सांगू का, असं एकदा मनात आलंही. पण देओलिंदा माझ्या पोर्चवरच बसून होती, आणि तिच्यासमोर मला आजवर धड खोटं बोलता आलेलं नाही. मी सगळं सांगितलं. फुलासकट.

तिने टांगलेल्या एका कोटाची बाही सरळ केली. मग म्हणाली, "मी तेव्हा बेटावर, साओ मिगेलला होते. लग्न होऊन तीन महिने झाले होते, आणि इथे यायचे माझे कागद व्हायला तीन वर्षं लागली."

त्याच दुपारी तिने दुकानाचं दार लावलं. मला जायचं होतं. तिने जाऊ दिलं नाही.

"ती हंगेरीवाली कोण?" तिने नवऱ्याला विचारलं.

ऑरेलियोचा हात थांबला. "मिसेस हालास. म्हातारी होती बिचारी. सत्तरीची. जिना उतरवत नव्हता तिला."

"टोबायस तर तरुण म्हणतो. सुंदर म्हणतो."

"मी तसं सांगितलं नव्हतं."

"आता म्हातारी झाली होय ती," देओलिंदा म्हणाली, आणि पुढचा आठवडाभर ती त्याच्याशी फक्त मासळीच्या भावापुरतं बोलली.

पुढच्या शनिवारी ती स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे गेली. अंगावर ओला एप्रन, मागे मी. घोळका बाजूला झाला.

"विचार याला," ती मला म्हणाली, "ती बाई केवढी होती."

मी विचारलं. टोबायस कानापर्यंत लाल झाला. "त्यांनी म्हातारी सांगितली होती," तो म्हणाला. "पण म्हातारीसाठी कुणी मान वर करत नाही हो."

"आणि फूल?"

"फूल माझं."

मी ते देओलिंदाला सांगितलं. तिचे खांदे जरा सैल झाले, पण चेहरा नाही. ती तशीच परत दुकानात आली.

"म्हातारी होती, तर चाळीस वर्षं लपवलीस कशाला?"

ऑरेलियोने हात पुसले. "तुला कळवलं होतं ना, स्वतंत्र खोली आहे, चूल आहे, सगळं आहे? मी इथे मागे खोक्यांमध्ये झोपत होतो. चूलबिल काही नव्हती. दिवसभर मासळीत हात, आणि रात्री खायला पाव. ती एकदा खिडकीतून ओरडली. मला वाटलं वासाबद्दल शिव्या देतेय. तर तिने टोपली सोडली. मी मासा पाठवायचो, ती शिजवून द्यायची. ती नसती तर मी पहिल्याच हिवाळ्यात परत पळालो असतो. हे तुझ्या बापाच्या कानावर घालायचं होतं का मी?"

"मग त्या पोराला का सांगितलंस?"

"त्याने विचारलं. वर कोण राहायचं, असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं."

देओलिंदा वजनकाट्याजवळच्या स्टुलावर बसली. मला वाटलं मिटलं. तेवढ्यात तिचे डोळे परत बारीक झाले.

"सूप कसलं असायचं?"

ऑरेलियो माझ्याकडे पाहायला लागला. मी छताकडे.

"माशाचं. लाल. लाल मिरचीची पूड, पाप्रिका, घातलेलं."

"मी रविवारी करते ते?"

"जवळपास तसंच."

"तुझ्या आईची पद्धत म्हणून शिकवलंस मला ते."

"हंगेरीवालीचं म्हटलं असतं तर केलं असतंस?"

त्या रविवारी त्याला उकडलेले बटाटे मिळाले.

टोबायस आता म्हातारी सांगतो, आणि फूल सोडून देतो. देओलिंदा दारात हाताची घडी घालून उभी असते, आणि तिला इंग्रजी फारसं कळत नसलं तरी 'ओल्ड' हा शब्द आल्याशिवाय ती आत जात नाही. पाहुणे पूर्वीइतके उसासे टाकत नाहीत. सूप मात्र महिन्याभराने परत सुरू झालं, तिने मला वाटीभर आणून दिलं तेव्हा कळलं. पाप्रिका पूर्वीपेक्षा जास्त होती.

"खरंच सत्तरीची असेल ना गं?" वाटी ठेवता ठेवता तिने विचारलं.

"असेल, दोना," मी म्हटलं.