परतीचे डबे

दीमाने परत आलेल्या डब्याचे झाकण उघडले आणि नळ बंद केला. डबा धुतलेला होता, पण रिकामा नव्हता. आत मीठ लावलेले हिरवे बदाम होते, द्राक्षाच्या पानावर नीट मांडून ठेवलेले. तिने दुसरा उघडला. त्यात खजूर भरलेल्या खुसखुशीत वड्या. तिसऱ्यात कुणाच्या तरी अंगणातली पुदिन्याची जुडी.

"अबू हैसम, हे काय आहे?"

ड्रायव्हर दाराला टेकून सिगरेट ओढत होता. "उम्म नादिरला पाठवलंय, तिच्या हातच्या जेवणाबद्दल. बदाम दंतवैद्याच्या बायकोने."

"रोज येतं असं?"

"रोज. पेट्रोल तुमचं, बदाम त्यांचे आणि जिने चढतो मी. एखादा खा म्हणून विचारत नाही कुणी."

दीमाने ओल्या हातानेच फोन उचलला, पडद्यावर बोट फिरवले. "या बाईने महिनाभर ॲपवरून काही मागवलेलं नाही. मग डबा तिच्याकडे गेला कसा?"

अबू हैसमने सिगरेट विझवायला नको इतका वेळ लावला.

"ती उम्म नादिरला फोन करते. मी त्याच वाटेने जातो, म्हटलं नेऊन देऊ."

"नंबर कुणी दिला?"

"बाई विचारत होती, द्राक्षाच्या पानांत ती काय भरते. मी काय आचारी आहे? म्हटलं, तिलाच विचारा."

दीमाने पुन्हा नळ सोडला, पुन्हा बंद केला.

शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, ही अम्मानच्या या डोंगरांवरची फार जुनी रीत. पाणी गाढवावरून यायचे, गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि थाळ्या भिंतीवरून जायच्या, तेव्हापासूनची. तेव्हा कुणाच्या घरात काय शिजते आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असे, आणि कुणाच्या घरात शिजत नाही हेही. पुढे इमारती उंच झाल्या, दारांना कड्या आल्या, शेजारणी लांबच्या वस्त्यांत गेल्या. रीत गेली असे सगळ्यांनी धरून चालले. दीमाने बँकेतली नोकरी सोडून घरगुती जेवणाचे ॲप काढले आणि ऐटीत स्टीलचे डबे घेतले, तेव्हा तिनेही तेच धरले होते. बायका घरी रांधतील, लोक फोनवरून मागवतील, अबू हैसम पोचवेल आणि दुसऱ्या दिवशी रिकामे डबे गोळा करील.

डबे भरून आले. त्यामागून ओळखी आल्या. आणि ओळख झाली की ॲपची गरज कुणाला?

उम्म नादिर राहायची त्या अशरफिया वस्तीतल्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या. दुबईहून पैसे घालणाऱ्या मुनीरने फोनवर एवढेच म्हटले होते, "गळती बंद करा, मग बोलू. गुरुवारी येतो, एक स्वयंपाकघरही दाखवा." पुढचे पैसे द्यायला तो नाही म्हणाला तर महिनाअखेरीला दार लावायचे होते. आठ पगार, बारा स्वयंपाकिणी, तिचे स्वतःचे घरभाडे. दीमाला त्या आठवड्यात बसून जेवल्याचे आठवत नव्हते. तिने कागदी डबे मागवून टाकले. खायचे आणि फेकायचे. परत यायला काही उरायलाच नको.

गुरुवारी ती मुनीरच्या आधी उम्म नादिरकडे पोचली. गाडीची किल्ली बोटात फिरवत स्वयंपाकघरात उभी राहिली.

"मावशी, आज कुणाला नंबर द्यायचा नाही. कुणालाही नाही."

"मी कुठे देते? लोक मागतात." उम्म नादिर वांगी तळत होती. "बस की जरा. तुझ्या पायांत काय चाकं आहेत?"

"आपल्याला पैसे मिळणार की नाही ते आज ठरणार आहे."

"मग खाऊन ठरू दे त्याला. उपाशी माणूस काहीही ठरवतो."

मुनीर जिना चढून धापा टाकत आला. पन्नाशीचा, चांगला सूट घातलेला. बूट दाराशी काढताना त्याच्या एका मोज्याला पडलेले भोक दिसले. उम्म नादिरने पातेले भल्या मोठ्या परातीवर पालथे घातले, तळावर दोनदा थापटी मारली आणि उचलले. भात, वांगी, कोंबडी, सगळे जसेच्या तसे उभे राहिले. मुनीरने एकदा वाढून घेतले, दुसऱ्यांदा न विचारता घेतले. मग त्याचे बोलणे थांबले. दीमा आकडे सांगत होती. तो मान हलवत होता, पण घासाला.

"आणि गळती?" शेवटी त्याने विचारले.

"रविवारपासून कागदी डबे. परत येणारच नाहीत."

"उत्तम."

"परत येणार नाहीत?" उम्म नादिर म्हणाली. "मग मला कसं कळणार, त्यांना आवडलं की नाही ते?"

"ते तारे देतील, मावशी. फोनवर. पाचपैकी."

"तारे," उम्म नादिर म्हणाली आणि वेलदोडे घालून कॉफी चढवायला आत गेली.

मुनीर हात धुवून आला. एक बूट घालून झाला, दुसरा हातात घेऊन तो स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळला. दीमा मागेच होती. त्याचा आवाज खाली आला.

"मावशी, तुमचा नंबर मिळेल का? माझी आई जर्काला असते. एकटी. तिला ॲप वगैरे जमत नाही."

उम्म नादिरने त्याच्या खांद्यावरून दीमाकडे पाहिले. दीमाच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली.

"मला नंबर द्यायची बंदी आहे," उम्म नादिर म्हणाली. "काय आवडतं आईला?"

"सगळं."

"सगळं कुणालाच आवडत नाही, बाळा. दात आहेत? साखरेचा त्रास? मुलूखियाची भाजी चालते, की चिकट म्हणून नाक मुरडते?"

मुनीरने बूट या हातातून त्या हातात घेतला.

"विचारून सांगतो."

"तू कशाला? मी नंबर देणार नाही म्हणाले. घेणार नाही असं कुठे म्हणाले? सांग तिचा."

त्याला तो पाठ नव्हता. त्याने फोनमध्ये शोधला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. उम्म नादिरने तेलकट बोटाने तो दाबला आणि फोन ओट्यावर उभा करून ठेवला, आवाज मोठा करून. तिकडे बराच वेळ घंटी वाजली.

"कोण?" आवाज म्हातारा होता, संशयी.

"मी अशरफियाची उम्म नादिर. घाबरू नको गं, तुझा मुलगा माझ्याकडे जेवला. धडधाकट आहे, एका पायात बूट घालून उभा आहे. मला सांग, तू काय खातेस?"

मग बाई बोलू लागल्या. आधी तुटक, मग सलग. डाव्या बाजूची दाढ, मसुराने होणारा गॅस, नवरा होता तेव्हा शुक्रवारी काय व्हायचे, शेजारचे घर विकले गेले ते. उम्म नादिर हुंकार देत होती. मुनीर बूट हातात घेऊन ऐकत होता.

दीमाने पुढे होऊन हे थांबवायला हवे होते. कॉफी फसफसून वर आली. तिने किल्ली ओट्यावर ठेवली आणि आच कमी केली.