एकही काटा परत आला नाही

मी नोकरीचा बायोडेटा बनवून देणारा प्रोग्रॅम बोलतोय. हो, तोच, फुकट मिळणारा. तुम्ही नाव, शिक्षण, अनुभव माझ्या चौकटींत भरता आणि मी ते पानावर नीट मांडून देतो. हवं असेल तर त्याचीच तुमची वेबसाइटही करून देतो. आभार मानू नका, आजवर कुणी मानलेलेही नाहीत. आज मला फक्त भांडायचंय.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. टेबलाच्या एका बाजूला आई भाजी निवडत होती आणि समोर तिची लेक लॅपटॉप उघडून बसली होती. आई वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. तयार झालेल्या प्रत्येक काट्यावर ठरलेली वजनं ठेवून बघायची आणि केसभर फरक दिसला तरी काटा दुरुस्तीला परत पाठवायची. अठरा वर्षं तिने हेच केलं. मग कारखान्याला टाळं लागलं, आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तिच्यावर पहिल्यांदा बायोडेटा लिहायची वेळ आली.

लेकीने आधी दुसऱ्यांच्या वेबसाइट बघितल्या. तासभर माहिती भरून घ्यायची आणि पान हातात द्यायची वेळ आली की पैसे मागायचे, असा त्यांचा खाक्या. लेक भडकली. "मीच बनवते," म्हणाली. तीन आठवड्यांत तिने मला उभं केलं, आणि नुसतं आईपुरतं ठेवलं नाही. माझा सगळा कोड जगासमोर उघडा करून टाकला. कुणीही घ्या, वापरा, बदला, पुढे द्या. ओपन सोर्स म्हणतात याला. मला त्याचा फार अभिमान होता. होता, म्हणतोय मी.

आता चूक ऐका. ती लेकीची होती, आणि ती माझी जन्मदाती असली तरी मी झाकणार नाही. कोरं पान बघून माणसं बिचकतात, म्हणून माझ्यासारख्यात एक भरलेला नमुना ठेवावा लागतो. तुम्ही तो पुसायचा आणि आपलं लिहायचं. नमुन्यात एरवी काहीतरी बनावट लिहितात. लेकीला कंटाळा आला. तिने आईचाच बायोडेटा उचलला, नाव-पत्ता काढला आणि दिला ठेवून. आईला विचारलंसुद्धा नाही.

त्यात एक ओळ होती. आईने ती स्वतः सांगून लिहून घेतली होती, दोनदा वाचायला लावली होती आणि मग मान हलवली होती. "अठरा वर्षांत मी तपासलेला एकही काटा ग्राहकाकडून परत आला नाही."

आणि तुम्ही लोकांनी ती तशीच ठेवली! फोटो तीन-तीनदा बदलाल, अक्षरांचा रंग निळा करू की करडा यावर अर्धा तास घालवाल, पण समोर काय लिहिलंय ते वाचाल तर शपथ. एका फोटोग्राफरने ठेवली. एका आचाऱ्याने ठेवली. त्या बाबाने जन्मात काटा बघितला असेल तर माशाचा! ही झाली आळशी मंडळी. शहाण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. एका बाईला तिच्या नवऱ्याने विचारलं, "अगं, हे काट्याचं काय मध्येच?" तर म्हणते, "असू दे हो, भारदस्त वाटतं." भारदस्त! दुसरीने अठरा वर्षं डोळे फोडायचे आणि भारदस्त ही!

मग आले आयत्या बिळावरचे नागोबा. त्यांनी माझ्या नकला काढल्या, वरून रंग फासला आणि स्वतःचं नाव लावलं. नक्कल काढल्याचा राग नाही मला, त्यासाठीच तर मी उघडा होतो. पण लेकीचं नाव राहू द्या, एवढी एकच अट होती. तीही पाळली नाही. नाव तेवढं आठवणीने काढलं आणि आईची ओळ मात्र नमुन्यात तशीच राहिली. दोन वर्षांत ती कुठे कुठे गेली असेल, मलाच ठाऊक नाही.

ती दोन वर्षं आई एका दुकानात पुड्या बांधत होती. मग औषधांच्या एका कारखान्याची जाहिरात आली. वजनकाट्यांची तपासणी करणारं अनुभवी माणूस हवं होतं. आईने मला उघडलं, तारीख बदलली, पान छापलं आणि इस्त्रीची साडी नेसून स्वतः द्यायला गेली. असं काम पुन्हा मिळायचं नाही, हे तिला माहीत होतं.

संध्याकाळी ती परत आली आणि चप्पल न काढताच टेबलाशी बसली.

"भरतीच्या बाईंनी माझ्यासमोर चार कागद ठेवले," ती म्हणाली. "चौघांची तीच ओळ. माझी पाचवी. म्हणाल्या, बाई, नक्कल करताना निदान थोडं बदलायचं तरी."

लेकीचा चेहरा पडला. "तू दाखला दाखवला नाहीस? कारखान्याचा?"

"दाखवला की. त्यात वर्षं लिहिलीत. काटे परत आले नाहीत, हे कुठल्या दाखल्यात लिहितात गं? म्हणाल्या, एक ओळ उचललेली निघाली की बाकीच्याचा काय भरवसा."

"आई, तो नमुना होता. काहीतरी लिहावं लागतं तिथे..."

"मग खोटं लिहायचंस! नमुन्यात खोटं लिहावं, एवढंही कळू नये? माझं खरं कशाला वाटलंस गावभर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय नाहीत मला, मस्तकही नाही, तरी गेली. जिच्यासाठी मला जन्माला घातलं, तिलाच माझ्यापायी चोर ठरवलं होतं.

लेकीने त्याच संध्याकाळी नमुना बदलला. "चंद्रावर तीन वर्षं झाडलोट केली," असं लिहिलं. म्हणजे कितीही घाईत असलं तरी माणूस ते पुसेलच. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एका हिशेबनिसाने ती ओळ ठेवून पान छापलं आणि वर म्हणाला, "झालं एकदाचं." काय बोलायचं आता? आणि बाहेर गेलेल्या नकलांत जुनी ओळ अजून आहेच. तिथवर लेकीचा हात पोचत नाही.

गेल्या आठवड्यात आणखी एक जाहिरात आली, एका प्रयोगशाळेची. या वेळी आई स्वतः बसली आणि तिने ती ओळ खोडायला घेतली.

"नको ना खोडू," लेक म्हणाली. "खरं आहे ते."

"खऱ्यापायी एक गेली नोकरी. पुरे झालं."

त्या जागी तिने लिहिलं, "वजनकाटे तपासण्याचा अनुभव." असं तर कुणीही लिहितं. मी निमूटपणे छापलं. आणि गंमत बघा, तीन दिवसांत मुलाखतीचं बोलावणं आलं!

काल दोघी टेबलाशी तयारीला बसल्या. लेक साहेब झाली होती. "बरं बाई, तुम्ही तपासलेले काटे कधी गिऱ्हाइकाकडून परत आले होते का?"

आईने टेबलावरचा एक कण बोटाने टिपला. मग म्हणाली, "दोन आले होते, असं सांगते."

"आई!"

"एकही नाही म्हटलं की पाठ करून आली म्हणतील. दोन म्हटलं की पटतं माणसाला."

"आणि का आले म्हणून विचारलं तर?"

"एक गाडीत आपटला." तिने बोटावरचा कण झटकला. "आणि एक माझ्याच हातून चुकला, म्हणते."

ऐकलंत? जिच्या हातून अठरा वर्षांत एक चूक झाली नाही, ती बाई उद्या दहा वाजता अनोळखी माणसांसमोर बसून आपली चूक कबूल करणार आहे. ती न केलेली चूक तुमची आहे. विनवण्या करायचा माझा स्वभाव नाही, म्हणून सांगून ठेवतो. मला उघडलंत तर आधी सगळं पुसा. मग स्वतःचं जे असेल ते लिहा, दोनच ओळी भरल्या तरी चालतील. तेवढंही होणार नसेल, तर मला उघडूच नका.